डाहीभाभीच्या अंगात आलं ते

डाही माझी थोरली जाऊ. आमच्यात डाही म्हणजे शहाणी. ती जन्मभर त्या नावाला जागली, आणि हे मी सांगतेय म्हणजे खरंच धरा, कारण तिच्याशी माझ्याइतकं या गावात कुणी भांडलेलं नाही. चुलीवरून भांडलो, पाण्यावरून भांडलो, कुणाच्या म्हशीच्या दुधाला जास्त फॅट लागतं यावरून तर एकदा आठवडाभर अबोला होता. अंगण एकच, त्यामुळे अबोलाही समोरासमोर बसून धरावा लागायचा.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला धार काढता येत नव्हती. पहिल्या दिवशी म्हशीने लाथ मारली तेव्हा डाहीभाभी तोंडात पदर कोंबून हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाथ बसली तेव्हा म्हणाली, "कोकी, तुला येत नाही हे म्हशीला कळलंय. आता सासूला कळायच्या आत शीक." आणि स्वतःचं काम टाकून माझ्या मागे उभी राहिली. आठ दिवसांत शिकवलं.

दूध घेऊन सकाळ-संध्याकाळ मंडळीवर, म्हणजे दूध सोसायटीवर, जायचं, रांगेत बरणी ठेवायची, आपलं दूध मापलं गेलं की घरी. डाहीभाभी डोक्यावर बरणी घेऊन अशी तरातरा निघायची की मला मागून पळावं लागायचं. "अहो भाभी, गाडी सुटतेय का?" मी ओरडायची. ती वळूनसुद्धा बघायची नाही. "दूध नासतं, कोकी. तुझ्या गप्पा नासत नाहीत." मंडळीवर तिची बरणी कायम पहिली. माझी दहावी-बारावी.

तर अशी ही बाई. तिचे पाय उंबऱ्याशी अडकतील असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर शेणाची पाटी ओतली असती.

सुरुवात झोपेतून झाली. आठेक वर्षं झाली असतील. थोरले दीर फतेसिंगभाई सकाळी ओट्यावर दातण करत बसले होते, एक डोळा सुजलेला. थोरल्या दिरांशी आमच्यात बोलत नाहीत, पदर ओढून घेतात. पण पदराखाली कान काही झाकले जात नाहीत. ते शेजाऱ्याला सांगत होते, "रात्री हिच्या स्वप्नात कोल्हा आला, पारडीला धरलं त्याने. ही कोल्ह्याला मारत होती, मध्ये मी आलो." आणि हसायला लागले. "चाळीस वर्षं जागेपणी गप्प बसली, आता झोपेत वसूल करतेय!" सगळी आळी हसली, मीही हसले. त्यात काही आजार असेल असं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मग थोरले दीर गेले. माझे धनी तर त्याआधीच गेले होते, माझ्या दोन्ही मुली सासरी. डाहीभाभीचा एकुलता एक महिपत वडोदऱ्याला कारखान्यात. त्याने आईला, त्याच्या बाला, नेलं. अकराव्या दिवशी परत आणून सोडलं. म्हणाला, "काकी, संध्याकाळ झाली की बा स्टीलचा डबा घेऊन खाली उतरते आणि रस्त्यात माणसांना विचारते, मंडळी कुठेय. परवा दोन तास सापडली नाही. मी कामावर जाऊ की तिच्या मागे फिरू?" मी म्हटलं, "राहू दे इथे. इथे मंडळी आहे." मोठ्या तोऱ्यात म्हटलं. काय अंगावर घेतेय ते मला कुठे माहीत होतं!

उजवा हात मांडीवर ठेवला की आपोआप थरथरायचा. पावलं आखूड झाली. उंबऱ्याशी आली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे. पुढे जायचं मनात आहे, अंग पुढे झुकलंय, पाय मात्र हलत नाहीत. मी म्हशीचं दावं तिच्या पायांपुढे आडवं टाकायची, "हे ओलांडा, भाभी." की लगेच पाऊल उचलायची! कसं ते देव जाणे. संध्याकाळी दिवे लागले की "घरी जायचंय, घरी जायचंय" म्हणून दारातून अंगणात, अंगणातून दारात. "हेच घर आहे, भाभी." "हे नाही. घरी म्हशी वाट बघतायत." कधी कोपऱ्यात तीन पोरं बसलेली दिसायची. "त्यांना ताक दे गं, कधीची बसलीत." मी तीन वाट्या भरून कोपऱ्यात ठेवायची आणि ती तिकडे वळली की स्वतः पिऊन टाकायची. ताक कशाला वाया घालवा?

पण रात्री. रात्रीचं काय सांगू! दिवसा बसल्या जागी डुलक्या आणि रात्री डोळा लागला की युद्ध. किंचाळायची, हात चालवायची, उठून धावायची आणि भिंतीवर आदळायची. मी खाट काढून टाकली, जमिनीवर गादी घातली, विळे-पळ्या दुसऱ्या घरात नेल्या, तिच्या पायाला आणि माझ्या पायाला ओढणी बांधून झोपू लागले. झोपू कसली, पडू लागले. दोन वर्षं. धार काढताना म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून मला झोप लागायची. एकदा रात्री भाभीने माझ्या छातीत अशी लाथ मारली की श्वास अडकला, आणि मी उठून तिच्या थोबाडीत मारली. खोटं कशाला सांगू, मारली. ती जागी झाली आणि म्हणाली, "काय झालं कोकी, वाईट स्वप्न पडलं का तुला?" मी अंगणात जाऊन बसले ती उजाडेपर्यंत.

शेवटी तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या धाकटीच्या वयाची. म्हणाली, "काकी, आपण झोपलो की शरीराला कुलूप लागतं. स्वप्नात आपण पळतो, पण पाय पळत नाहीत. यांचं कुलूप मोडलंय." हात थरथरणं, पाय चिकटणं, कोपऱ्यातली पोरं, विसरणं, सगळा एकच आजार, म्हणाली. बरा होणार नाही. पण झोप सांभाळा. झोप तुटली की सगळंच वाढेल. दिवसा चालवा, रात्री ही बारीक गोळी द्या, आणि कुणी शांत करायचं इंजेक्शन देतो म्हणालं तर आधी मला विचारा. गोळीने फरक पडला. चार-चार तास झोपायला लागली. मला वाटलं, चला, दिवस निघतील.

गावाला मात्र ती वेडी. मंडळीवर रिकामी बरणी घेऊन रांगेत उभी राहायची तर बायका आपापल्या बरण्या सरकवून घ्यायच्या. "कोकीबेन, हिला घरी ठेवत जा ना, दुधात हात घालेल." जिच्या मागे यांच्या सासवा पळाल्या, ती दुधात हात घालेल! मी तिथेच दोघींची अशी काही खरडपट्टी काढली की मंडळीचा मंत्री, म्हणजे सेक्रेटरी, बाहेर येऊन हात जोडायला लागला. पण तोंड कुणाकुणाचं धरणार?

आणि मग चैत्रातली आठम आली. मातेच्या देरीत, त्या छोट्या देवळात, आरती होती, डाकलं वाजत होतं. हे डाकलं डमरूसारखं असतं, पण मोठं. ते घुमायला लागलं की ज्याच्या अंगात यायचं त्याच्या येतं. डाहीभाभीला मी खांबाला टेकवून बसवलं होतं. तिला तिथेच डुलकी लागली. आणि डाकल्याचा जोर वाढला तशी ती ताडकन उठली. डोळे अर्धे मिटलेले, उजवा हात थडथडतोय, आणि खणखणीत आवाजात ओरडली, "सोड! सोड तिला!"

मातेला अंगात बोलावणाऱ्या रामसंग भुवाने डाकलं खाली ठेवलं, पागोटं सारखं केलं आणि हात जोडले. "पधारो, मा!"

झालं. बायकांनी पदर पसरले. मी पुढे होऊन सांगणार होते की अहो, तिच्या स्वप्नात कोल्हा आलाय, ती पारडी सोडवतेय. पण तोवर आळीतली शारदा रडत तिच्या पायांवर पडली होती. शारदाच्या मुलीला सासरच्यांनी सहा महिने माहेरी पाठवलं नव्हतं. "माता म्हणाली, सोड तिला!" आणि नशीब बघा, चौथ्या दिवशी ती पोरगी खरंच पिशवी घेऊन दारात उभी! मग काय विचारता? शेजारच्या तीन गावांतून नारळ यायला लागले.

मातेवर माझा विश्वास नाही असं समजू नका. माझ्या आत्याच्या अंगात यायची, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण हे ते नव्हतं. दोन वर्षं रात्री ते हात-पाय माझ्या अंगावर पडलेत. मला कळणार नाही तर कुणाला?

तरी मी गप्प बसले. का, तेही सांगते. मंडळीवर ती आली की बायका बाजूला होऊन तिची रिकामी बरणी पहिली ठेवायच्या. तिला वेडी म्हणणाऱ्या जिभा "डाहीमा, डाहीमा" करायला लागल्या. आणि रात्री पाळीपाळीने चार-पाच जणी यायच्या, मातेची सेवा म्हणून तिच्यापाशी बसायला. पहिल्या रात्री मला म्हणाल्या, "तुम्ही झोपा, कोकीकाकी." मी दहाला आडवी झाले ती सहाला उठले. एकदाही न उठता आठ तास! उठून मी रडले. झोपेची लाच खाल्ली मी, आणि पचवलीसुद्धा.

महिपत आला. आईच्या पायांवर डोकं ठेवलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकी, बाला काय झालंय ते कारखान्यात मी कुणाला सांगत नव्हतो. शरम वाटायची. आता सांगतो." असं म्हणताना त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी उठून त्याला जेवायला वाढलं.

मग रामसंग भुवाने नेम सांगितला. ज्या अंगात माता उतरते ते अंग नऊ रात्री जागलं पाहिजे. डोळ्याला डोळा लागता कामा नये, आणि नऊ दिवस दवा बंद. मी म्हटलं, "गोळी बंद करू नका. झोप मोडू नका. डॉक्टरीणबाईने बजावलंय." महिपत म्हणाला, "काकी, नऊच तर दिवस आहेत."

पहिल्या रात्री तिला देरीत बसवून बायका गात राहिल्या, तिची मान कलली की तोंडावर पाणी मारायच्या. दुसऱ्या रात्री तिचे दोन्ही हात थरथरायला लागले. लोक म्हणाले, मातेचा जोर वाढला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खिचडी भरवली तर घास गालातच राहिला. गिळायचं कसं तेच विसरली जणू. देरीतून उठवायला म्हणून मी दावं पायांपुढे टाकलं. "ओलांडा, भाभी." तिने दाव्याकडे पाहिलं. पाय हलला नाही. मी पुन्हा म्हटलं, ओरडून म्हटलं. नाही हलला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि इतकंच म्हणाली, "कोकी, झोपू दे ना."

मी तिथून जी निघाले ती सरळ रामसंगच्या टपरीवर. भुवा एरवी पंक्चर काढतो. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसला होता. मी म्हटलं, "रामसंगभाई, ती मरेल."

"मातेच्या हाती आहे ते, बेन."

"मातेच्या हाती नाही, तुमच्या हाती आहे. जागरण थांबवा."

"मी कोण थांबवणारा?" त्याने हात पुसले. माणूस वाईट नाही हो. कुणाकडून नारळापलीकडे काही घेत नाही. "मी चाकर. पधारो म्हणायचं माझं काम. मातेला जा म्हणायचा हक्क माझा नाही. तुझाही नाही."

"मग कुणाचा आहे?"

"मातेचाच. ती स्वतः म्हणेल, चालले, तेव्हा जाईल."

मी परत फिरले. रस्ताभर ते एकच वाक्य डोक्यात. घरी आले, अंघोळ केली, अंबाडा सोडला. आरतीआधी देरीत गर्दी नव्हती, डाहीभाभी खांबापाशी दोघींच्या आधाराने बसवलेली होती. मी मूर्तीसमोर गेले आणि मनात म्हटलं, आई, तुझं नाव थोडा वेळ उसनं घेते. पाप लागेल ते मला लाव. माझ्या मुलींना नको, तिला नको. एवढं मी सासूलासुद्धा कधी घाबरले नव्हते.

आरती सुरू झाली. डाकलं घुमलं. आणि मी सुरुवात केली.

लहानपणापासून पाहिलेलं असतं, पण स्वतः करायचं म्हणजे अवघड काम! मान गरगर फिरवली तर मणक्यात कट्‌ आवाज झाला. केस तोंडात गेले. घुमायचं म्हणून घुमले तर खोकला आला. पण आता माघार कसली? पुढे झाले, केस मागे टाकले आणि ओरडले, "रामसंग!"

नुसतं नाव, 'भाई'सुद्धा नाही. अख्खी देरी दचकली. तो हात जोडून उभा राहिला.

"हे अंग थकलंय," मी डाहीभाभीकडे बोट केलं. "मी या अंगातून निघाले. पुन्हा इथे मला बोलवायचं नाही. या बाईला आत्ताच्या आत्ता घरी न्या, झोपवा. डॉक्टरची गोळी माझा प्रसाद समजून रोज द्या. आणि हिच्या झोपेत जो कुणी आवाज करेल," मी थांबले, सगळ्यांकडे फिरून पाहिलं, "त्याच्या गोठ्यातली म्हैस आटेल!"

शेवटचं वाक्य बरोबर बसलं. बायकांनी कानाला हात लावले. रामसंग मात्र माझ्याकडे बघत राहिला. पंक्चर शोधणारा माणूस तो, त्याला हवा कुठून येतेय ते कळत नसेल? मला वाटलं, आता हा बोलणार. त्याने डाकलं उचललं, कापडात गुंडाळलं आणि म्हणाला, "जशी आज्ञा, मा."

चौघांनी डाहीभाभीला खाटेवर घालून घरी आणलं. बायका अंगणातूनच परतल्या. माता निघून गेली, आता जागायला कोण बसणार? महिपत ओट्यावर आला, घुटमळला. "काकी, म्हणजे बा परत पहिल्यासारखी?" मी म्हटलं, "हो भाई. पहिल्यासारखी. आजारी." तो रडला. मी त्याला रडू दिलं. मग त्याला आईचे पाय चोळायला बसवलं, ते मात्र त्याने नीट केलं. जाताना म्हणाला, दर शनिवारी येईन, शनिवारची रात्र माझी. बघू.

तो गेल्यावर मी पातळ खिचडी चमच्याने भरवली, घशावरून हात फिरवत एक-एक घास उतरवला. गोळी दिली. कंदील कोपऱ्यात ठेवला, सावल्या पडू नयेत असा. ओढणीने पाय बांधले आणि शेजारी पडले. ती डोळे उघडे ठेवून पडली होती.

"कोकी."

"काय, भाभी?"

"ते तू नाटक केलंस ना?"

मी उठूनच बसले. कधी कधी ती अशी मध्येच अगदी स्वच्छ व्हायची, जुनी डाहीभाभी. पण नेमकी आज! म्हटलं, "कसलं नाटक? माता होती ती."

"हट्‌. तुला धड थरथरतासुद्धा येत नाही. मान कशी हलवत होतीस, तोंडावर माशी बसल्यासारखी."

मला असं हसू आलं की पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी. तीही हसत होती, आवाज न करता. मग तिचं हसू ओसरलं. तिने उजवा हात गोधडीतून बाहेर काढला आणि कंदिलाच्या उजेडात समोर धरला. तो थरथरतच होता. दुसऱ्या कुणाचा असावा तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

"हे मी करत नाही गं," ती म्हणाली. "ते म्हणतात माता करते. तू म्हणतेस आजार करतो. मी आतून त्याला थांब म्हणते, कोकी. रोज म्हणते. तो ऐकत नाही. मला फार भीती वाटते."

अडतीस वर्षांत ही बाई मला कधी भीती वाटते म्हणाली नव्हती. नवरा गेला तेव्हा नाही, गोठ्यात नाग निघाला तेव्हा नाही. मी तिचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला, घट्ट आवळला. आवळला तरी तो थांबेना. माझे हात घेऊन हलत राहिला. मी सोडला नाही. बऱ्याच वेळाने तिचा श्वास लांब झाला, तिला झोप लागली, आणि तेव्हा कुठे हात थांबला.